मुलासारखं वाढवलं म्हणून असं झालं का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मिस्टर अंबडला एका कंपनीत आहेत, मी घरी शिकवण्या घेते. एकच मुलगी. वय वीस, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. दुसरा चान्स घेतला नाही. कोणी विचारलं की आम्ही अभिमानाने सांगायचो, ‘हीच आमचा मुलगा’. शर्ट-पँट घेतली, क्रिकेटला पाठवलं, गाडी शिकवली. दिवाळीनंतर एका रात्री जेवताना ती म्हणाली, ‘आई, मी मुलगी नाही. मी मुलगा आहे. मला तो म्हणा.’ मिस्टर ताटावरून उठले. तेव्हापासून घरात तीन माणसं तीन वेळेला जेवतात.

दीर बायोलॉजीचे शिक्षक होते, आता रिटायर झालेत. ते म्हणतात, गुणसूत्रं एक्सएक्स म्हणजे बाई, एक्सवाय म्हणजे पुरुष, विषय संपला; हे सगळं मोबाइलचं खूळ आहे. पुतणी पुण्यात समाजशास्त्र शिकते. ती म्हणते, काकू, स्त्री-पुरुष हे समाजाने घडवलेलं असतं. ते ऐकून मिस्टर म्हणाले, घडवलेलं असेल तर परत घडवू, चांगलं स्थळ बघू.

मागच्या आठवड्यात धुण्यात क्रेप बँडेज सापडलं. विचारलं तर म्हणाली, पाठ दुखते. पण मला कळलं, ती ते छातीला बांधते. चुलतभावाच्या लग्नासाठी ब्लाऊजचं माप द्यायला नेलं होतं. टेलर बाईंनी टेप लावला तशी पोर घामाने डबडबली आणि काही न बोलता बाहेर पडली. रिक्षाने एकटी घरी आली.

कोजागरीला सप्तशृंगी गडावर आम्ही तृतीयपंथीयांचा छबिना पाहिलाय, हात जोडलेत. पण माझं लेकरू तसं होणार का, या विचाराने झोप लागत नाही. खरं कोण, दीर की पुतणी? आणि मी मुलासारखं वाढवलं म्हणून हे झालं का?

— एक आई, नाशिक

उत्तर

ताई, तुमचे दोन्ही प्रश्न मोठे आहेत. पण आधी बँडेजचं बोलू, कारण ते आजच बघायला हवं.

क्रेप बँडेज मुरगळलेल्या पायासाठी असतं. छातीभोवती गुंडाळलं की हालचालीबरोबर ते आवळत जातं. श्वास पुरा घेता येत नाही, बरगड्या दुखावतात, कातडी सोलवटते. सकाळी कॉलेजला जाताना बांधलेलं रात्री झोपेपर्यंत सोडलं नाही तर ते जास्तच वाईट. ‘बांधायचं नाही’ म्हणून ओरडलात तर बँडेज लपेल, सुटणार नाही. त्यापेक्षा त्याच्या मापाची घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणा. छाती सपाट दिसावी म्हणून खास शिवलेलं बाइंडर मिळतं, तेही मागवता येईल. तेसुद्धा सात-आठ तासांच्या वर नको, झोपताना तर नकोच, खेळताना-धावतानाही नको. दम लागला, बरगडीत चमक आली की लगेच काढायचं. वस्तू हातात देताना एवढंच सांगा. बाकी भाषण नको. आईने बँडेज पाहिलं आणि ती रागावली नाही, हे त्याला कळणं त्या दिवशीपुरतं पुष्कळ आहे.

मी ‘त्याला’ लिहितेय हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याने तेच मागितलंय आणि तो वीस वर्षांचा सज्ञान माणूस आहे, म्हणून या उत्तरात मी ‘तो’च म्हणणार आहे. वाचताना तुम्हाला टोचेल, ते मी समजू शकते. वीस वर्षं तोंडात बसलेलं एका रात्रीत बदलत नाही. तुमच्या तोंडून ‘ती’ निघेल, पुन्हा निघेल. त्याला फक्त तुमचा प्रयत्न चाललाय एवढं दिसू द्या.

आता दुसरा प्रश्न आधी घेते, कारण झोप उडवणारा खरा प्रश्न तोच आहे.

नाही. मुलासारखं वाढवलं म्हणून कोणी मुलगा होत नाही. आपल्याकडे गेल्या दोन पिढ्यांत ‘हीच आमचा मुलगा’ म्हणत वाढवलेल्या मुली लाखांनी असतील. त्या बुलेट चालवतात, कबड्डी खेळतात, बारीक केस कापतात, पोलीस भरतीला पळतात. आणि त्या मुलीच आहेत, पुढे बायकाच होतात. उलट लांब वेण्या घालून, परकर-पोलकं नेसवून, बांगड्या भरून वाढवलेल्यांपैकीही काही जण मोठेपणी सांगतात की मी मुलगी नव्हतोच. वाढवण्यातून हे घडत असतं तर असा उलटसुलट हिशेब आला नसता.

यावर एक खरी हकिकत आहे. जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरातला वाद जगातल्या मोठ्या तज्ज्ञांनी एका जिवंत मुलावर घातला होता. कॅनडातल्या विनिपेग शहरात १९६५ साली जुळे मुलगे जन्मले. आठ महिन्यांचे असताना सुंता करायला नेलं. विजेच्या उपकरणाने करायला गेले आणि एकाचं लिंग जळून गेलं. आई-वडील विशी-बाविशीतले, साधे लोक. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन मनी नावाचे नामांकित मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं मत असं की अगदी लहान वयात मुलाला जसं वाढवाल तशी त्याची ओळख बनते. त्यांच्या सल्ल्याने, मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत ऑपरेशन झालं. ब्रेंडा हे नाव, फ्रॉक, बाहुल्या, वयात येताना स्त्री-संप्रेरकाच्या, म्हणजे हार्मोनच्या, गोळ्या. मनी यांनी हा प्रयोग यशस्वी झाला म्हणून मांडला आणि वर्षानुवर्षं पुस्तकांत तो तसाच शिकवला गेला. घरात मात्र मूल फ्रॉक ओरबाडून काढत होतं, शाळेत चिडवलं जात होतं, एकटं पडत होतं. चौदाव्या वर्षी त्याला खरं सांगितलं. त्याने डेव्हिड हे नाव घेतलं आणि पुढे पुरुष म्हणूनच जगला, लग्न केलं. १९९७ साली मिल्टन डायमंड आणि कीथ सिगमंडसन या दोघांनी खरी हकिकत शास्त्रीय नियतकालिकात छापली, तेव्हा जगाला कळलं. लहानपणी सोसलेलं मात्र सुटलं नाही. २००४ मध्ये, ३८ वर्षांचा असताना, डेव्हिड रायमरने स्वतःचं आयुष्य संपवलं.

नाव बदललं, कपडे बदलले, शरीरावर शस्त्र चालवलं, औषधं दिली. एवढं मोठं इस्पितळ आणि जीव लावणारे आई-वडील एका बाजूला उभे राहिले. तरी त्या मुलाला आतून जे वाटत होतं ते हललं नाही. मग तुम्ही घेतलेल्या शर्टांनी आणि क्रिकेटच्या बॅटने तुमच्या लेकराच्या आत काय हलणार होतं? हा दोष तुमचा नाही, ताई. आणि ‘मुलगी असून मुलासारखं वाढवलं’ याबद्दल पश्चात्ताप तर मुळीच करू नका. तुम्ही त्याला जे मोकळेपण दिलंत, त्यामुळेच तो त्या रात्री ताटावर बसून तुमच्याशी खरं बोलू शकला.

पण एका उदाहरणावरून सगळं ठरवलं तर मीही दिरांसारखंच केल्यासारखं होईल. कॅनडातच असा आणखी एक अपघात झाला होता. तिथे बाळ सात महिन्यांचं असतानाच मुलगी म्हणून वाढवायचं ठरलं, आणि मोठेपणी ती व्यक्ती स्वतःला बाईच मानत होती. तो अभ्यास १९९८ साली छापून आला. अपघात तसाच, उपायही तसाच, आणि शेवट अगदी वेगळे. म्हणजे नुसत्या शरीरावर बोट ठेवून हे सुटत नाही आणि नुसत्या संगोपनावर ठेवूनही नाही.

तुमचे दीर मुलांना वर्षानुवर्षं जे शिकवत आले ते बहुतेक माणसांच्या बाबतीत बरोबर आहे. पण जीवशास्त्र तिथे थांबत नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत गर्भाच्या लैंगिक ग्रंथी, मुलगा असो की मुलगी, सारख्याच असतात. मग वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय नावाचा जनुक, जो १९९० साली सापडला, तो कामाला लागला तर वृषण बनतात, ते संप्रेरक सोडतात आणि बाकीचं शरीर त्या संप्रेरकाला प्रतिसाद देतं. या साखळीतली कुठलीही कडी वेगळी निघू शकते. काही जणींची गुणसूत्रं एक्सवाय असतात, पण शरीर पुरुष-संप्रेरकाला दादच देत नाही. त्या मुली म्हणून जन्मतात, मुली म्हणून वाढतात, बहुतेक जणी स्वतःला बाईच मानतात. पाळी येत नाही म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर गुणसूत्रांचा पत्ता लागतो. दिरांचं सूत्र लावलं तर त्या पुरुष ठरतील. दिरांना विचारा, अशा मुलीला समोर बसवून ते ‘तू पुरुष आहेस, विषय संपला’ म्हणतील का?

दुसरं उदाहरण डोमिनिकन रिपब्लिकमधलं. तिथल्या काही कुटुंबांत एका एन्झाइमची कमतरता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुलगे जन्मतात ते बाहेरून मुलीसारखे दिसतात, मुलगी म्हणून वाढतात आणि वयात येताना शरीर पुरुषाचं होऊ लागतं. १९७४ साली जुलियान इंपेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही माहिती छापली. त्यांनी पाहिलेल्या आणि मुलगी म्हणून वाढलेल्या बहुतेकांनी पुढे पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली. बारा-तेरा वर्षं मुलगी म्हणून वाढूनसुद्धा.

इथे एक काळजी घ्यायची. ही दोन्ही उदाहरणं आंतरलिंगी व्यक्तींची, म्हणजे ज्यांचं शरीर जन्मतःच स्त्री-पुरुष या नेहमीच्या साच्यात बसत नाही अशांची आहेत, आणि तुमच्या मुलाची गोष्ट तशी असेलच असं नाही. पारलिंगी म्हणजे जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा ज्यांची ओळख वेगळी असते ती माणसं. त्यांच्यापैकी बहुतेकांची गुणसूत्रं अगदी नेहमीसारखी असतात. तेव्हा ‘एकदा टेस्ट करूनच टाकू’ असं घरात कोणी म्हणालं तर घाई करू नका. पाळीची तक्रार असेल तर डॉक्टर सांगतील ती तपासणी जरूर करा. पण रिपोर्टमध्ये एक्सएक्स आलं तरी त्या कागदाने त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. मेंदूचे स्कॅन करूनही ‘हा मुलगा, ही मुलगी’ असं एका व्यक्तीबद्दल सांगता येत नाही. गर्भावस्थेत मिळालेल्या संप्रेरकांचा ओळखीशी काही संबंध आहे याच्या खुणा मिळतात. पोटात असताना पुरुष-संप्रेरक जास्त मिळालेल्या मुलींचे खेळ सरासरीने मुलांसारखे असतात, पण त्यातल्याही बहुतेक जणी स्वतःला मुलगीच मानतात. म्हणजे शरीर कौल देतं, पण एकटं शरीर निकाल देत नाही.

आता पुतणी. तिच्या म्हणण्यातलं खरं बघायला तिला पुण्याचं कॉलेज लागायला नको होतं, आपल्या घरातल्या जुन्या फोटोंत ते दिसतं. पेशवाईतले पुरुष कानात भिकबाळी घालायचे, कोणी त्यांना बायकी म्हटलं नाही. नऊवारीचा कासोटा घालून बायकांनी शेतं केली, घोडी हाकली. आणि बालगंधर्व! नारायण श्रीपाद राजहंस, पुरुष, रंगमंचावर शालू नेसून उभे राहायचे आणि घरंदाज बायका घरी येऊन त्यांच्यासारखी साडी नेसायला, तसे दागिने घालायला शिकायच्या. बाईपण म्हणजे चाल, नेसणं, मान वेळावणं असेल, तर ते एका पुरुषाकडून बायकांनी शिकून घेतलं. चहा कोणी करायचा, ताटावर आधी कोणी बसायचं, कोणी मोठ्याने हसायचं नाही, हे नियम आपण केले आणि आपणच बदलतो आहोत. इथपर्यंत पुतणी शंभर टक्के बरोबर.

पण बालगंधर्वांचंच उदाहरण पुढे न्या. एवढी वर्षं स्त्रीपार्ट करून, त्यात महाराष्ट्राला वेड लावून, ते बाई झाले नाहीत. पडदा पडला की नारायणराव. कोणाला बाईसारखं वागता येतं आणि कोण आतून बाई आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुतणी जे सांगते ते वागण्याच्या नियमांबद्दल आहे. तुमचा मुलगा सांगतोय ते नियमांबद्दल नाही. त्याला शर्ट घालायला, गाडी चालवायला कोणी मनाई केली होती? तुमच्या घरात मुलगी म्हणून त्याला जेवढी मोकळीक होती तेवढी पुष्कळ मुलांनाही नसते. तरी टेप छातीला लागल्यावर त्याला घाम फुटला. त्या दुकानात कोणी त्याला मुलीसारखं वाग म्हटलं नव्हतं. स्वतःच्या शरीराचं माप एका अनोळखी बाईच्या हातात, मोठ्याने आकडा सांगितला जाताना, त्याला सहन झालं नाही. हे नुसत्या ‘समाजाने घडवलं’ने उलगडत नाही. वीस वर्षं समाजाने तर त्याला मुलगीच घडवलं होतं.

माझा राग दिरांवर नाही आणि पुतणीवर तर नाहीच. राग आहे तो या दोन्ही म्हणण्यांचा घरात जो उपयोग होतोय त्यावर. दीर म्हणतात जैविक आहे, म्हणजे बदलणार नाही, म्हणून तू गप्प बस. मिस्टर म्हणतात सामाजिक आहे, म्हणजे बदलता येईल, म्हणून तू लग्न कर. म्हणणी एकमेकांच्या विरुद्ध, आणि दोन्हीकडून मुलाला मिळालेलं उत्तर एकच. त्याला काय वाटतं हे अजून कोणी विचारलेलंच नाही.

आणि मिस्टरांचा तर्क मुळातच चुकतो. समाजाकडून आलेली गोष्ट हुकमाने परत नेता येते, असं नाही. मराठी आपल्याला गुणसूत्रातून मिळालेली नाही, सगळी कानावर पडून आली. म्हणून उद्या कोणी सांगितलं तर तुम्ही मराठीत स्वप्न बघायचं थांबवू शकाल का? तुमच्या मुलाची ओळख शरीरातून आली, अनुभवातून आली की दोन्हींच्या गुंत्यातून, ते शास्त्रज्ञांना शोधू द्या. त्यांचं ते काम आहे आणि ते चालू आहे. ती लग्न लावून पुसता येत नाही, एवढं ठरवायला त्या शोधाचा निकाल लागायची वाट बघावी लागत नाही.

लग्नाचा विषय मी इथेच बंद करायला सांगेन. त्यात तुमचं मूल होरपळेल, आणि कुठल्या तरी दुसऱ्या घरचा निरपराध मुलगाही. ‘झालं की ठीक होतं’ म्हणणारे नातेवाईक नंतर कोर्टाच्या तारखांना सोबत येत नाहीत.

गडावरच्या भीतीबद्दल बोलते. सप्तशृंगीला कोजागरीच्या रात्री छबिन्यात जे नाचतात, ज्यांना तुम्ही हात जोडलेत, त्या बहुतेक मुलगा म्हणून जन्मलेल्या आणि स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्ती. गुरू-चेल्याची त्यांची परंपरा आहे, स्वतःचे नियम आहेत. तुमचा मुलगा उलट्या बाजूचा, आणि त्याला त्या परंपरेत जायचंच आहे असं त्याने कुठे म्हटलंय? तो इंजिनिअर होऊ पाहतोय. असे पारलिंगी पुरुष डोळ्यांना दिसत नाहीत, कारण ते ऑफिसात, दुकानात, कारखान्यात चारचौघांत मिसळून गेलेले असतात. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरातून ४,८७,८०३ नोंदी होत्या, आणि स्वतःहून नोंद न केलेले किती तरी.

पण तुमच्या भीतीच्या तळाशी आणखी काही आहे ते मला दिसतं. तुम्हाला सिग्नलवर टाळी वाजवून पैसे मागणारी माणसं आठवतात. ताई, ती तिथे पोचली ती स्त्री-पुरुष यातलं काय आहेत म्हणून नव्हे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्यांच्या घरचं दार बंद झालं, शाळा सुटली, कोणी काम दिलं नाही, म्हणून पोचली. तुमच्या मुलाचं दार अजून उघडं आहे आणि कडी तुमच्या हातात आहे. त्याचं शिक्षण, त्याची फी, त्याचं जेवणाचं ताट यातलं काहीही या कारणावरून अडता कामा नये. मिस्टर रागाच्या भरात ‘फी भरणार नाही’ म्हणाले तर तिथे मात्र तुम्ही ठाम उभ्या राहा.

एक अवघड प्रश्न त्याला सरळ विचारा: ‘तुला कधी जगू नये असं वाटतं का?’ असं विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही. उलट कोणी विचारलं म्हणून मन मोकळं होतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा नुसतं गप्प बसला, तरी त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर फोन करा. ती सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

चुलतभावाच्या लग्नात ब्लाऊज नको. कुर्ता-पायजमा, वर जॅकेट, हवं तर तुमच्या साडीच्या रंगाचं. कोणी विचारलं तर ‘त्याला हेच आवडतं’ म्हणून पुढच्या पाहुण्याकडे वळा. खुलासे देत बसायची तुमच्यावर सक्ती नाही. आणि तो नाही येत म्हणाला तर राहू दे घरी.

मिस्टरांचं थोडं वेगळं आहे. ताटावरून उठणारा माणूस बहुतेक वेळा रागापेक्षा घाबरलेला असतो. कंपनीत काय सांगू, भावकीत काय सांगू, म्हातारपणी कोण, हे सगळं त्यांच्या डोक्यात एकदम आलं असणार. त्यांना वादात हरवायला जाऊ नका. डेव्हिडची हकिकत त्यांना वाचायला द्या. आणि रोज रात्रीचं एक जेवण तिघांनी एकत्र, या विषयावर एक अक्षर न बोलता, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. त्याला मुली आवडतात का, वगैरे प्रश्न तर आत्ता कोणीच काढायला नकोत. तो वेगळा विषय आहे आणि त्याचा खासगी आहे.

आता डॉक्टर. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं ते ‘बरं करायला’ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ही गोष्ट मानसिक आजारांच्या यादीतून काढली आहे. ओळख बदलण्यासाठी ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं; त्यामागे मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश होता. म्हणून फोनवरच विचारा, ‘पारलिंगी व्यक्तींसोबत काम केलंय का?’ पहिल्याच भेटीत कोणी लग्नाचा सल्ला दिला तर फी देऊन उठा आणि दुसरीकडे जा. नाशिकमध्ये मनासारखं कोणी मिळालं नाही तर मुंबई-पुणे फार लांब नाही.

संप्रेरकांच्या इंजेक्शनची त्याला घाई असेल. तो सज्ञान आहे, निर्णय त्याचा. पण त्यातलं खरं त्याला पूर्ण माहीत हवं. पुरुष-संप्रेरकाने घसा फुटतो, दाढी येते, आणि औषध थांबवलं तरी आवाज परत पहिल्यासारखा होत नाही. पुढे मूल हवं असेल तर त्याचा विचार आधी करावा लागतो. रक्ततपासण्या चालू ठेवाव्या लागतात. जिममधल्या ओळखीने किंवा ऑनलाइन मागवून स्वतःच टोचून घेणं, हा सगळ्यांत धोक्याचा रस्ता, आणि घरी कोणी ऐकत नाही तेव्हाच मुलं तो धरतात. पाऊल उचलून नंतर मागे फिरलेले लोकही आहेत, कमी असले तरी आहेत. त्यांच्याबद्दलही त्याच्याशी मोकळेपणाने बोला, धमकी म्हणून नको. केस कापणं, कपडे, घरात वेगळं नाव, हे सगळं परत फिरवता येण्यासारखं आहे. सुरुवात त्यापासून होऊ द्या. नाव त्याने ठरवलंय का, हे विचारा. बहुतेक ठरवलेलं असेल.

कागदपत्रांचं शेवटी. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात, स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि ओळख-प्रमाणपत्राचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं गेलं. अशा नियमांत बदल होत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आजची पद्धत विचारा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तेव्हा तुमच्या नावानेही जाता येईल. नावबदल करायचाच असेल तर पदवीचं प्रमाणपत्र छापून येण्याआधी केलेला बरा, नाही तर एकाच माणसाचे दोन नावांचे कागद घेऊन नोकरीसाठी फिरावं लागतं. त्याचं तिसरं वर्ष चालू आहे, म्हणजे हाताशी वेळ आहे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि आधार एका फाइलमध्ये काढून ठेवा, आणि फाइल त्याच्याकडे द्या.